ढाळजेतले वाद आणि मोजलेली लेकरे

लोकसंख्या हा विषय आमच्या घरात कधी एकटा आला नाही. तो नेहमी कोणत्या ना कोणत्या पक्षाच्या कडेवर बसूनच आला. म्हणून मराठवाड्यातील वाचकांना विनंती अशी, की आज कोणता पक्ष बरोबर हे सांगत न बसता, आपल्या लहानपणी घरात किंवा पारावर या विषयावरून जे वाद आपण स्वतःच्या कानांनी ऐकले, ते येथे लिहावेत. पक्षांची नावे जरूर घ्यावीत, शेजाऱ्यांची टाळावीत.

कंधार तालुका, जि. नांदेड

1976 साली मी चौथीत होतो. वडील प्राथमिक शिक्षक आणि पक्के काँग्रेसवाले; धाकटे चुलते शेतकरी कामगार पक्षाचे. जेवणे आटोपली की ढाळजेत, म्हणजे घराच्या दारालगतच्या बैठकीच्या ओसरीत, कंदिलाच्या उजेडात दोघांची जुंपे, ती आजी आतून ‘‘लेकरं झोपलीत रे’’ असे ओरडेपर्यंत चाले. लोकसंख्येला आळा बसावा, हे वडिलांचे मत परिपत्रकातून आलेले नव्हते. 1972च्या दुष्काळात सुकडीच्या रांगेत उभी राहणारी लेकरे त्यांनी स्वतः मोजली होती. शाळेच्या भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोणही त्यांनीच हौसेने रंगवला होता. पण आणीबाणीत शिक्षकांना नसबंदीच्या ‘केसेस’, म्हणजे ऑपरेशनला तयार केलेली माणसे, आणायला नेमून दिल्या गेल्या, केस दिल्याशिवाय पगार निघेना आणि गुरुजी लांबून दिसले तरी बाप्ये ज्वारीच्या पिकात शिरू लागले. दोन महिने बिनपगारी काढल्यावर वडिलांनी अखेर स्वतःचेच नाव दिले. पुढचे आठ दिवस ते बाजेवर होते आणि रब्बीची पेरणी तोंडावर आली होती. चुलत्यांनी आपले वावर तसेच ठेवून आधी आमच्या वावरात तिफण धरली. त्या आठ दिवसांत त्यांनी इंदिरा गांधींविषयी चकार शब्द काढला नाही. नवव्या दिवशी वडील ढाळजेत येऊन टेकले, तेव्हा मात्र चुलत्यांनी तंबाखू मळता मळता ‘‘हं, बोल आता,’’ म्हणून जुना वाद होता तेथूनच उचलला. 1977मध्ये नांदेडमधून चुलत्यांच्या पक्षाचे केशवराव धोंडगे लोकसभेवर गेले. वडिलांनी मत कोणाला दिले, हे त्यांनी आईलाही शेवटपर्यंत सांगितले नाही.

अंबड, जि. जालना

वरील अनुभव वाचून लिहिते आहे. माझी आई परिचारिका होती आणि वडील जनता पक्षाचे. ‘नसबंदीने सरकार पाडले’ हे वडिलांचे आवडते वाक्य. त्यावर आई एवढेच विचारी, की सरकार पडल्यावर ऑपरेशने थांबली का? ‘कुटुंब नियोजना’चे ‘कुटुंब कल्याण’ झाले, पुरुषांचे नाव काढायला कोणताच पक्ष धजेना आणि सगळा भार बायांवर आला. शिबिराच्या दिवशी वर्गखोलीत सतरंजीवर ओळीने निजवलेल्या बाया मी दाराच्या फटीतून पाहिल्या आहेत. एकीच्या उशाला तिचे तान्हे रडत होते आणि तिला कुशीवर वळता येत नव्हते. वडिलांच्या वादात त्या बाया मी कधी ऐकल्या नाहीत.

उदगीर, जि. लातूर

‘तुमची संख्या वाढते आहे’ हे वाक्य मी प्रथम ऐकले ते 1990च्या दशकात, शाळेत. म्हणणारा माझ्याच बाकावरचा मित्र होता. आम्ही तेथल्या तेथे बोटे मोजली; ते पाच भावंडे निघाले आणि आम्ही चार, म्हणून तो चिडला. घरी सांगितले तर अब्बा हसले नाहीत. त्यांचे चहाचे हॉटेल होते. निवडणुकीच्या दिवसांत काँग्रेस, शिवसेना आणि जनता दल असे सगळे तेथे वेगवेगळ्या बाकांवर बसत, आणि संख्येचा विषय निघाला की अब्बा रेडिओचा आवाज वाढवत. दादीला नऊ लेकरे झाली, अम्मीला चार, मला दोन आहेत. देशाच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही वेगळे काही नाही: 1992-93मध्ये मुस्लिम स्त्रीमागे सरासरी 4.4 मुले होती, ती 2019-21मध्ये 2.4 झाली, हिंदू स्त्रीमागे 3.3ची 1.9 झाली. हे आकडे मी त्या मित्राला पाठवले, तेव्हा उत्तरादाखल त्याने आपल्या एकुलत्या मुलीचा फोटो पाठवला.

परभणी

आमच्याकडची गंमत अशी, की माणूसही तोच राहिला आणि पक्षही, मत मात्र उलटे झाले. ‘हम दो हमारे दो’ची पाटी सायकलला बांधून गावोगाव फिरलेले माझे मामा आता लेकरे वाढवा म्हणतात. 1971च्या जनगणनेवर गोठवलेल्या लोकसभेच्या जागा 2026 नंतरच्या जनगणनेवरून वाटल्या जातील, म्हणजे माणसे कमी त्या राज्याच्या वाट्याला जागाही कमी, हे ते कागदावर मांडून दाखवतात. 2024च्या अखेरीस चंद्राबाबू नायडू बोलले, मोहन भागवतही बोलले, असे दाखलेही देतात. त्यांची दोन्ही मुले शेती करतात, तिशी ओलांडून गेली आहेत आणि दोघांचेही लग्न जमत नाही. परवा मामी वाढता वाढता म्हणाली, ‘‘आधी सुना तर आणा.’’

गेवराई तालुका, जि. बीड

मी 2004ची, तिसरी मुलगी. वडील ऊसतोडीचे मुकादम आणि राष्ट्रवादीचे. माणसे ते कोयत्यात मोजत, म्हणजे नवरा-बायको मिळून एक. त्यांना ग्रामपंचायतीला उभे राहायचे होते, पण 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे अपत्य झाले की ती वाट बंद. चुलते भाजपचे, रोज भांडणारे. तरीही शाळेत त्यांनी मला आपली म्हणून लावून घेतले आणि वडील सदस्य झाले. फेब्रुवारी 2011मध्ये जनगणनेचे गुरुजी आले. ढाळजेत चार माणसे बसलेली, वडील मुलांच्या आकड्यापाशी अडखळले, आणि आई चुलीपुढून म्हणाली, ‘‘तीन. तिन्ही माझ्याच हायेत, लिवा गुरुजी.’’ त्या गणनेत आमच्या जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली जेमतेम आठशेच्या घरात निघाल्या. मी तेव्हा सहा वर्षांची होते, म्हणजे त्यांतली एक आईने लिहवलेली. पुढे विरोधी गटाने दवाखान्यातली जन्माची नोंद काढून तक्रार केली आणि सदस्यत्व गेले. चुगली भाजपवाल्यांनी केली, असे वडील म्हणतात. ‘‘तुझ्याच ढाळजेत बसलेल्यांनी केली,’’ असे चुलते म्हणतात. दर दिवाळीला हा वाद होतो आणि आई तेवढा वेळ करंज्या लाटत असते. शाळेच्या दाखल्यावर माझ्या नावापुढे अजून चुलत्यांचेच नाव आहे.