गुलमर्ग: हिमवादळानंतरचा ताजा बर्फ आणि अफरवतचे उतार

मोठी हिमवृष्टी थांबल्यावर दुसऱ्याच सकाळी गुलमर्गच्या अफरवत पर्वतावर स्कीइंगला जावे का, या प्रश्नावर बहुतेकांनी ‘पहिलीच गोंडोला (रोपवे) पकडा’ असे सुचवले आहे. त्यात भर घालावीशी वाटते. कोंगडोरी या मधल्या स्थानकाहून सुमारे ३,९५० मीटरपर्यंत नेणारा गोंडोलाचा दुसरा टप्पा वादळ ओसरताच सुरू होत नाही, कारण वारा पडावा लागतो आणि स्की पेट्रोलला (उतारांवरील सुरक्षा पथकाला) मुख्य उतार हिमस्खलनापासून सुरक्षित करून घ्यावा लागतो. मात्र हे काम तेवढ्याच उतारापुरते असते. त्यापलीकडची खोरी, ज्यांच्यासाठी परदेशी स्कीपटू मुद्दाम येतात, ती अनियंत्रितच राहतात.

माझ्या मते सर्वांत फसवा असतो तो वाऱ्याने वाहून आणलेला बर्फ. डोंगरधारेच्या आडोशाला तो घट्ट थरात साचतो, वरून गादीसारखा मऊ दिसतो, पण स्कीखाली पोकळ आवाज येतो आणि टोकापासून एक भेग सरसर पुढे पळते. अशी भेग दिसल्यास ३० ते ४५ अंशांचे उतार त्या दिवशी वर्ज्यच समजावेत आणि कोंगडोरीखालच्या झाडीतल्या सौम्य उतारांवर मनसोक्त स्कीइंग करावे. तिथे वजन दोन्ही पायांवर सारखे ठेवावे. दाबलेल्या बर्फावरच्या सवयीने वळताना बाहेरच्या स्कीवर भार दिला, की ती खोल रुतते.

ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा माग देणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाकडे हवेच, कारण हिमस्खलनात गाडला गेलेला माणूस वाचण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते आणि तेवढ्या वेळात पोहोचू शकतात ते फक्त सोबती.