मदत हवी आहे : बोर्ड, पाऊच आणि पिशवी, तिन्हींवर एकच लाल रंग कसा आणावा?

तिखटजाळ : लक्ष्मीपुरीत आमचे कांदा-लसूण चटणीचे छोटे दुकान आहे. बोर्डावरचा लाल भडक आहे, पाऊचवरचा विटकरी, तर पिशवीवरचा चक्क गुलाबीकडे झुकला आहे. नावातला ‘ळ’सुद्धा तिन्ही ठिकाणी वेगळ्या वळणाचा आहे. जुने गिऱ्हाईकही ‘ही तुमचीच चटणी ना?’ असे विचारते. दिवाळीपूर्वी नवे पाऊच हवे आहेत, तरी उपाय लवकर सांगावा.

उद्यमनगरकर : पाऊच छापील आहे की त्यावर स्टिकर आहे? बोर्ड आणि पिशवी कशावर छापली? लोगोची मूळ फाईल आपल्या हाती आहे का? हे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

बेकरीवाला : एवढा खटाटोप कशाला? मोबाईलवरील मोफत अ‍ॅपमध्ये लोगो पुन्हा करून घ्या. आमच्या बेकरीचे सगळे काम त्यावरच चालते.

तिखटजाळ : बोर्ड फ्लेक्सचा आहे, पाऊचवर स्टिकर आहे आणि कापडी पिशवीचे काम स्क्रीन प्रिंटिंगचे आहे. फाईल मागितली तेव्हा प्रेसवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर जेपीजी पाठवली.

उद्यमनगरकर : मग गाडी तिथेच अडली आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली जेपीजी मोठी केली की तिच्या कडा फाटतात, म्हणून लोगो व्हेक्टरमध्ये, म्हणजे कितीही मोठा केला तरी न फाटणाऱ्या रेषांच्या रूपात, नव्याने काढून घ्या आणि त्याची सीडीआर (कोरलड्रॉची फाईल) व पीडीएफ स्वतःजवळ ठेवा. अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टऐवजी रेषाकृतीत, बदलून घेतली, की दुसऱ्या प्रेसच्या संगणकात तो फॉन्ट नसला तरी ‘ळ’चे वळण बदलत नाही. रंग ‘लाल’ असा तोंडी न सांगता आकड्यांत लिहून द्या. उदाहरणार्थ, छपाईच्या चार शाईंचे टक्के : सायन (निळसर) ०, मॅजेंटा (गडद गुलाबी) १००, पिवळा १००, काळा १०. बेकरीवाले, मोबाईलचा पडदा प्रकाशाचे रंग दाखवतो आणि छपाई शाईची असते. पडद्यावरचा भडक लाल कागदावर तसाच्या तसा उतरत नाही.

बेकरीवाला : आमचे खोके तर व्यवस्थित येतात.

उद्यमनगरकर : सगळे खोके एकाच प्रेसमध्ये, एकाच कागदावर छापून घेत असाल, तर येणारच. इथे फ्लेक्स, स्टिकर आणि कापड अशा तीन जाती आहेत. कापडाची शाई कारागीर हाताने मिसळतो, त्याला आकड्यांचा फारसा उपयोग नाही. त्याच्यासमोर मंजूर केलेला स्टिकर ठेवा आणि पिशवीचा नमुना दिवसाच्या उजेडात, स्टिकरशेजारी धरून पाहा.

महाद्वारचा : आधी ट्रेडमार्क करून घ्या. मसाले त्या नोंदणीच्या वर्ग ३० मध्ये येतात आणि लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी प्रतिवर्ग ४,५०० रुपये शुल्क आहे.

बेकरीवाला : प्रश्न रंगाचा आहे, दादा.

महाद्वारचा : लोगो नव्याने काढणारच असतील, तर नोंदणी त्याच रूपाची करावी, एवढेच म्हणणे आहे. शिवाय बोर्डावर इंग्रजी घेणार असाल, तर महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार मराठी अक्षरे त्याहून लहान चालत नाहीत.

तिखटजाळ : सर्वांचे आभार. स्टिकर सोडून थेट छापील पाऊच घ्यावेत का?

उद्यमनगरकर : असे पाऊच बहुधा ग्रॅव्ह्युअर पद्धतीने, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरने छापतात. त्यात प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो आणि थोडक्या मालासाठी तो खर्च परवडत नाही. तेव्हा ताई, महिन्याला चटणी किती किलो खपते आणि पाऊच किती ग्रॅमचे आहेत, ते आधी कळवा.