पंख मिटून बसलेल्या पिवळ्या फुलपाखरांची जात कशी ओळखावी?

प्रश्न : पायरिडी कुळातील, म्हणजे पांढऱ्या आणि पिवळ्या फुलपाखरांच्या नोंदी मी नुकत्याच ठेवू लागलो आहे. ही फुलपाखरे बसताच पंख मिटतात, त्यामुळे पुस्तकातील चित्रांत ठळक दिसणारी वरची काळी किनार माझ्या छायाचित्रांत येतच नाही. सध्या ग्रास यलो या छोट्या पिवळ्या फुलपाखरांची दोन छायाचित्रे हाताशी आहेत. ती एकाच जातीची आहेत का, हे कशावरून ठरवावे?

उत्तर १ : पिवळ्या रंगाच्या छटेवर विसंबू नये, ती ऋतूनुसार आणि नर-मादीनुसारही बदलते. पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूस, बुडापासून निघणारी आणि शिरांनी वेढलेली जी लांबट जागा असते (तिला सेल म्हणतात), तिच्यातील बारीक तपकिरी खुणा मोजाव्यात. कॉमन ग्रास यलोमध्ये त्या बहुधा दोन आणि थ्री-स्पॉट ग्रास यलोमध्ये तीन असतात. सेलच्या टोकाशी असलेली मोठी खूण मात्र या मोजणीत धरू नये. मी स्वतः बरेच दिवस ती धरत होतो आणि मला सगळीकडे थ्री-स्पॉटच दिसत होते.

उत्तर २ : खुणा मोजाव्यात हे खरे, परंतु त्या पुसट किंवा कमीजास्त असू शकतात, म्हणून एकाच छायाचित्रावर निर्णय देऊ नये. शिवाय कोरड्या ऋतूतील कॉमन ग्रास यलोच्या पुढच्या पंखाच्या टोकाशी, खालच्या बाजूस, विटकरी-तपकिरी डाग उमटतो आणि तीच जात परकी वाटू लागते. ऋतूच कशाला, लेमन एमिग्रंट या याच कुळातील फुलपाखराच्या एका रूपात स्पर्शिका लालसर आणि पंखांखाली लाल कडांचे रुपेरी ठिपके, तर दुसऱ्यात स्पर्शिका काळ्या आणि पंख जवळजवळ कोरे असतात. पूर्वी या दोन रूपांना दोन जाती मानत असत. मादी कोणत्या झाडावर अंडी घालते हे टिपल्यास कोबी-मोहरीच्या कुळावरची पांढरी फुलपाखरे वेगळी काढता येतात, पण आपल्या दोन ग्रास यलोंच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही, कारण दोन्हींच्या अळ्या मुख्यतः शेंगावर्गीय वनस्पतींवर वाढतात.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. छायाचित्रे मोठी करून पाहिली. पहिल्यात टोकाची खूण वगळून तीन खुणा स्पष्ट मोजता आल्या. दुसऱ्यात मागच्या पंखाने सेल अर्धा झाकला आहे, म्हणून त्याची नोंद जातीचे नाव न देता केवळ ‘ग्रास यलो’ अशी केली आहे.