मागे राहिलेल्या घरांचे अनुभव

पोटापाण्यासाठी बाहेर पडलेल्यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. त्यांच्या जाण्याने, आणि कधी अवचित परतण्याने, मागे राहिलेले घर कसे बदलले, याविषयी आपण स्वतः पाहिलेले कृपया येथे लिहावे.

कणकवली
आजोबा मुंबईत परळच्या कापड गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे कामगार, होते. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, मनीऑर्डर बंद झाली आणि पावसाळ्याआधी ते गावी परतले. घरची माणसे त्यांना कायम पाहुणा म्हणूनच ओळखत होती. सोबत राहण्याची सवय व्हायला दोन्ही बाजूंना फार काळ लागला.

खेड, रत्नागिरी
वडील कुवेतमध्ये वायरमन होते. 2 ऑगस्ट 1990 रोजी इराकी सैन्य तेथे शिरले आणि पुढे दीड महिना त्यांचे पत्र आले नाही. आई रोज सकाळी पोस्टमनच्या वाटेकडे पाही, परंतु आमच्यासमोर एक शब्दही काढत नसे. बगदादमार्गे बसने जॉर्डनमधील अम्मानला पोहोचून, तेथे तंबूत दिवस काढल्यावर, एअर इंडियाच्या विमानाने ते मुंबईला आले. भारत सरकारच्या त्या हवाई मोहिमेत 1,70,000 हून अधिक भारतीय परतले. जवळचे दिनार कोणी घेईना. आखाती पैशावर चढत असलेले आमच्या घराचे चिरेबंदी बांधकाम खिडक्यांच्या उंचीवर थांबले, आणि अनेक वर्षे पड टाकलेल्या खाचरांत आईने पुन्हा भात लावला. 1992 मध्ये वडील परत कुवेतला गेले, घरही पूर्ण झाले, पण आईने शेती सोडली नाही. त्या दीड महिन्याची भीती तिच्या मनातून गेली नाही, असे मला वाटते.

शिरूर कासार, बीड
1972 च्या दुष्काळानंतर आमच्या घरात ऊसतोडीचा कोयता आला. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, फेडण्यासाठी आईवडील पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्याकडे निघत, आणि उन्हाळ्यापर्यंत गावात म्हातारी माणसे व शाळकरी मुले उरत. मी आजीजवळ राहून शिकलो. बहीण माझ्यापेक्षा हुशार होती, परंतु उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, तान्ह्या भावाला सांभाळायला कोणीतरी हवे म्हणून तिला नेले गेले, ते चौथीच्या मध्यावर. आज मी शिक्षक आहे आणि ती नवऱ्याबरोबर ऊस तोडते. गेल्या हंगामापासून तिच्या मुलीला मी माझ्याकडे ठेवून घेतले आहे. ती आता चौथीत आहे.