पैरा भावकीबाहेर का टिकतो?

भोगावतीकाठ:
आमच्या राधानगरी भागात भाताच्या रोप लावणीला अजून पैरा चालतो. आज ते आमच्या शेतात राबतात, उद्या आम्ही त्यांच्या. पोरगा बारावीला आहे. विचारतो, "निसर्गात जो तो स्वतःचं बघतो, मग पैरा आला कुठनं?" भावकीचं समजतं, रक्ताचं नातं. पण आमच्या पैऱ्यातली दोन घरं भावकीतली नाहीत आणि चिखलाला सगळ्यांच्या आधी तीच हजर. पोराला नीट उत्तर द्यायचंय.

दाजीपूरचा गवा:
दादा, भावकीचा हिशेब जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टननं 1964 मध्ये मांडला. मदतीचा फायदा गुणिले नात्याचं प्रमाण (सख्खा भाऊ 1/2, चुलत 1/8) हे खर्चापेक्षा जास्त भरलं, तर ती वृत्ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. बिगरभावकीचं कोडं ट्रिव्हर्सनं 1971 मध्ये सोडवलं: आज मी, उद्या तू. कोस्टा रिकातली रक्त पिणारी वटवाघळं बघा. दोन-तीन रात्री उपास घडला की जीव जातो. पोट भरलेली मादी उपाशी सोबतिणीला रक्त ओकून पाजते. विल्किन्सननं 1984 मध्ये हे प्रसिद्ध केलं. देणारीचं थोडंच जातं, घेणारी जगते. पैऱ्यातही तेच. तरवा (लावणीची रोपं) जून झाला की फुटवे कमी येतात, म्हणून ज्याची लावण अडलीय त्याला एक दिवस लाखमोलाचा. ज्याची उरकलीय त्याला तोच दिवस स्वस्त.

शिरोळकर:
हे अर्धंच झालं. 2019 च्या महापुरात परगावची पोरं आमची जनावरं काढायला आली. ना ओळख, ना पुन्हा गाठ. त्यांचा पैरा कोण फेडणार?

दाजीपूरचा गवा:
रास्त प्रश्न. नोवाक आणि सिगमुंड यांनी 1998 मध्ये दाखवलं की मदत बघणारा तिसराही पुढं उपयोगी पडतो. नाव होतं, आणि नाव असलेल्याला लोक धावून येतात. पण कमरेएवढ्या पाण्यात उतरणाऱ्या पोरानं हा हिशेब केलेला नसतो. माझ्या मते तिथं कळवळाच असतो, खराखुरा. तो माणसात कसा रुजला, एवढंच हे गणित सांगतं.

भोगावतीकाठ:
पोराला वाचून दाखवलं. आता म्हणतोय, वटवाघळं तरी नातं सोडून देणं-घेणं ध्यानात ठेवतात कशावरनं?

दाजीपूरचा गवा:
कार्टर आणि विल्किन्सन यांनी पाळलेल्या वटवाघळांवर हेच तपासलं, 2013 मध्ये छापलं. कोण कुणाला पाजणार हे नात्यापेक्षा आधी कुणी कुणाला पाजलं होतं, यावरनं जास्त नीट ओळखता आलं. तुमची ती दोन घरं तशीच.