मदत हवी आहे: एचडी रेकॉर्डर घेताना जुन्या रेकॉर्डिंगचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. घरचा रेकॉर्डिंगवाला जुना सेट-टॉप बॉक्स बदलून एचडी घ्यायचाय. टीव्ही १०८०चा आहे, एचडीएमआय आहे, त्यामुळे चित्राची चिंता नाही. प्रश्न जुन्या रेकॉर्डिंगचा आहे. ती एन्क्रिप्ट केलेली (म्हणजे त्याच बॉक्सवर उघडतील अशी कुलूपबंद) असतात, त्यामुळे हार्ड डिस्क काढून दुसरीकडे लावून उपयोग नाही. मग एव्ही आउटमधून (बॉक्समागच्या चित्र-आवाज बाहेर देणाऱ्या साध्या जोडणीतून) कुणी ती उतरवून घेतली आहेत का? आईच्या आवडीच्या मैफली आहेत त्यात, त्या अजिबात घालवायच्या नाहीत.

दुसरं, ८ एमबीपीएसच्या (सेकंदाला ८ मेगाबिट डेटा) चॅनेलला तासाला ३.६ जीबी लागतात, म्हणजे ५०० जीबीत साधारण १३९ तास. रोजच्या वापरात पुरतात का? आणि एक बघताना दुसरं रेकॉर्ड करायला डिशपासून दुसरी केबल ओढावी लागली का?