शब्द हवाय: पॅरा जलतरणातला ‘क्लास’ म्हणजे श्रेणी, वर्ग की गट?

रंकाळाकाठ: दिव्यांग जलतरण स्पर्धेचं माहितीपत्रक मराठीत करतोय. ‘एस ८’, ‘एसबी ७’ ही जी वर्गवारी असते, तिला बातम्यांत ‘श्रेणी’ म्हणतात. मला ते खटकतं. श्रेणी म्हटलं की अ श्रेणी, ब श्रेणी, म्हणजे दर्जा आला. एस ४ वाला एस ९ वाल्यापेक्षा कमी दर्जाचा नसतो. १ ते १० शारीरिक दिव्यांगत्वाचे, ११ ते १३ दृष्टीचे, १४ बौद्धिक; पहिल्या दहांत आकडा जितका लहान, तितका पोहण्यावर परिणाम जास्त, एवढंच.

तांबडापांढरा: गट म्हणा की भावा. कुस्तीत वजनगट असतात, कोल्हापुरात फोड करून सांगायला लागणार नाही.

घड्याळवाली: स्पर्धेला वेळ घ्यायला बसते म्हणून सांगते, गट नको. वयाचेही गटच असतात. ‘१७ वर्षांखालील गट, एस ९ गट’ असं माईकवरून पुकारलं की पालक उठून विचारायला येतात. शिवाय वजन काट्यावर कळतं, हे तसं नाही. आधी बाकावर तपासणी: स्नायूंची ताकद, सांधा किती वळतो, हातापायांची लांबी. मग पाण्यात उतरवून सूर, वळण, हात मारणं बघतात. शेवटी प्रत्यक्ष शर्यतीतही नजर ठेवतात. याचे गुण मांडतात बरं का. ३०० पैकी २१६ ते २४० आले तर एस ८. २८५ च्या वर गेला तर एस १० मध्येही जागा नाही. पण हे गुण शरीराच्या हालचालीचे, वेगाचे नव्हेत.

पेठकर: आणि आजाराच्या नावाचेही नव्हेत. एस ७ च्या एकाच शर्यतीत एकाला दोन्ही हातांचे पंजे नसतात, तर दुसऱ्याचे पाय लुळे असतात. सोलापूरचा सुयश जाधव एस ७ चा, आपला स्वप्नील पाटील एस १० चा. दिव्यांग प्रमाणपत्रावरच्या टक्क्यांशीही याचा संबंध नाही, ते ४० टक्के सरकारी सवलतींसाठी. पत्रकात हे जाड अक्षरात टाका, निम्मे फोन वाचतील.

रंकाळाकाठ: मग ‘वर्ग’?

पेठकर: वर्ग बरा, पण ‘वरचा वर्ग’ कुठंही लिहू नका. आमच्या ओळखीतल्या एका पोरीचा फेरतपासणीत एस ८ चा एस ९ झाला. शेजारच्या काकू पेढे घेऊन आल्या, ‘वरच्या वर्गात गेली म्हणे!’ पोरगी रडत बसलेली. तिची जी वेळ एस ८ मध्ये पदकाची, ती एस ९ मध्ये अंतिम फेरीलाही पुरेना.

घड्याळवाली: अगदी. ‘वर्ग बदलला’ एवढंच म्हणावं. अजून एक घोळ: एकाच पोहणाऱ्याला दोन-तीन वर्ग असू शकतात. एस म्हणजे फ्रीस्टाइल, बॅकस्ट्रोक, बटरफ्लाय. एसबी फक्त ब्रेस्टस्ट्रोकचा, कारण तिथं पायाच्या झटक्यावर सगळं अवलंबून. म्हणून पाय अधू असलेल्याचा एसबीचा आकडा एसपेक्षा लहान येऊ शकतो. शारीरिक वर्गांत एसबी ९ लाच संपतं, एसबी १० शोधत बसू नका.

तांबडापांढरा: २८५ च्या वर गेलेल्याला काय म्हणायचं? अपात्र?

पेठकर: अजिबात नको. उद्या पेपरात ‘कोल्हापूरचा जलतरणपटू अपात्र’ आलं की लोकांना वाटणार काहीतरी लबाडी केली. दिव्यांगत्व खरंच असतं, फक्त खेळाच्या किमान निकषाला पुरत नाही. ‘निकषात न बसलेला’ लिहा, लांब झालं तरी चालेल. नियम मोडला की ‘बाद’, तो शब्द आपल्याकडं आहेच.

रंकाळाकाठ: पटलं. ‘क्रीडावर्ग’ घेतो, पुढं नुसतं ‘वर्ग’. राहिला टॅपर. एस ११ वाल्यांना पूर्ण काळा गॉगल सक्तीचा, त्यामुळं भिंत जवळ आली की काठावरून काठीनं डोक्याला किंवा पाठीला स्पर्श करून सांगावं लागतं. तो माणूस.

तांबडापांढरा: टपलीवाला! नाद खुळा शब्द हाय.

घड्याळवाली: तोंडी ठीक आहे, छापू नका. टॅपरच ठेवा. आणि काठीच्या टोकाला मऊ गोळा असतो हेही लिहा, नाहीतर गॅलरीतून एखादी आजी ओरडायची, ‘अरे, पोराला मारतोस कशाला!’